छोटं कुत्रं आपल्या घराला झेपेल का?

परीक्षा संपल्या किंवा शेजारच्यांनी पिल्लू आणलं, की घरात विषय निघतो. मुलं हट्टाला पेटतात. आई विचारते, "घाण कोण काढणार?" आजीची एकच अट असते, देवघरात येता कामा नये. शेवटी एका वाक्यावर सगळ्यांचं जमतं: "छोटंच आणूया की, त्याला काय लागतंय!" फ्लॅट लहान म्हणून कुत्रं लहान, खाणार थोडं, म्हणजे कामही थोडं. निर्णय घ्यायच्या आधी हा हिशोब एकदा तपासून बघायला हवा.

कोल्हापूर भागाला कुत्रं नवीन नाही. मेंढरांच्या कळपामागं चालणारं धनगराचं कुत्रं, मळ्यात राखणीला ठेवलेलं गावठी, पूर्वी शिकारीसाठी पाळलं जाणारं कारवानी, ही सगळी आपल्या पाहण्यातली. कारवानी म्हणजेच मुधोळ. मुधोळच्या घोरपडे घराण्यातल्या मालोजीराजांनी ही जात जोपासली आणि २००५ साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीटही काढलं. ही कुत्री पंधरा-वीस किलोंची, काही पंचवीसच्याही घरातली, काटक आणि उघड्यावर राहणारी. उरलेली भाकरी ताकात कुस्करून घातली, जखम झाली तर हळद लावली, की भागायचं. कुत्रं पाळण्याच्या आपल्या सवयी या कुत्र्यांवर बेतलेल्या आहेत.

चार-पाच किलोच्या जिवाला त्या सवयी मानवत नाहीत. मोठं कुत्रं पचवून टाकतं तेवढ्याच चुकीनं छोटं सलाईनवर जातं. छोट्या कुत्र्याच्या घरी चुकीला जागा कमी असते. त्यामुळे विचारायचा प्रश्न हा, की आपल्या घरातली सगळी माणसं एकच नियम रोज पाळू शकतील का?

घरात दिवसभर कोण असतं?

गोकुळ शिरगाव किंवा शिरोली एमआयडीसीत एकाची पाळी, दुसऱ्याचं दुकान, मुलांची शाळा आणि क्लास, असा दिवस असेल तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घराला कुलूप असतं. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ लघवी धरू शकत नाही आणि त्याला दिवसातून चार वेळा खायला लागतं. पोमेरेनियन, चिवावा अशा अगदी लहान जातींच्या पिल्लांची रक्तातली साखर उपाशीपोटी झपाट्यानं उतरते. पिल्लू थरथरतं, लटपटतं, कधी बेशुद्धही पडतं. पहिले तीन-चार महिने दिवसा कुणीतरी घरी हवं. तसं कुणी नसेल तर वर्ष-दीड वर्षाचं, शिस्त लागलेलं कुत्रं दत्तक घेणं जास्त शहाणपणाचं.

घरी आजी-आजोबा असतात म्हणून प्रश्न सुटला असंही धरू नका. छोटं कुत्रं कायम पायात घोटाळतं. ओल्या फरशीवर त्याला चुकवताना म्हातारं माणूस पडलं तर दोघांनाही लागतं. आजींना गुडघेदुखी असेल तर दर दोन तासांनी वाकून पुसायचं काम त्यांच्या गळ्यात घालायचं का, हे त्यांनाच विचारा. दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असलेल्यानं कुत्रं असलेल्या घरी आधी दोन-तीनदा निवांत वेळ काढून बघावा. अमुक जातीनं ॲलर्जी होतच नाही, हा विकणाऱ्याचा दावा असतो. ॲलर्जी केसांपेक्षा लाळेतून आणि कोंड्यातून होते.

पाच-सहा वर्षांखालचं मूल असेल तर अगदी नाजूक जाती टाळा. मूल प्रेमानंच उचलतं आणि तितक्याच सहज हातातून सोडतं. दोन किलोच्या कुत्र्याचं पुढच्या पायाचं हाड सोफ्यावरून पडूनही मोडतं. घाबरलेलं छोटं कुत्रं चावायलाही मागेपुढे बघत नाही आणि त्या वेळी मुलाचा चेहरा त्याच्या तोंडाजवळ असतो.

जिना, दार आणि गाडी

पेठेतलं जुनं घर असेल तर जिना उभा आणि दार रस्त्यावरच उघडणारं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी दार उघडं टाकायचं आणि कुत्र्यानं बाहेर धूम ठोकायची, हे रोजचं होतं. बाहेर गल्लीतली कुत्री असतात. त्यांच्या टोळीपुढं छोट्या कुत्र्याचं काही चालत नाही. दाराला आतून कमरेएवढं जाळीचं फाटक बसवायची तयारी असेल तरच पुढं जा.

ताराबाई पार्क किंवा रुईकर कॉलनीतला फ्लॅट असेल तर प्रश्न वेगळे. बाल्कनीच्या गजांतून पिल्लू निसटतं. तिथं जाळी हवी. सोसायटीनं नुसता ठराव करून पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण साखळी, लसीकरण आणि स्वच्छता ही जबाबदारी मालकाचीच राहते. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाशी आधीच बोलून घ्या. कुत्र्याच्या परवान्याची चौकशी महापालिकेत करा.

ॲक्टिव्हाच्या पायरीवर कुत्रं उभं करून रंकाळ्यावर फेरी, हे दृश्य आपल्याकडं नेहमीचं. खड्ड्यात गाडी आदळली किंवा समोर गल्लीतलं कुत्रं आलं, की ते चालत्या गाडीवरून उडी घेतं. अंतर थोडं असलं तरी बंद बास्केट किंवा अंगावर बांधायची पिशवी हवीच. मुंबईला नातेवाईकांकडे रेल्वेनं जाणं असेल, तर वाढलेलं कुत्रं एसी फर्स्टच्या स्वतंत्र कुपे-केबिनमध्ये नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीतच न्यावं लागतं. स्लीपर किंवा थ्री-टायरमध्ये त्याला परवानगी नाही.

कोणती जात कुणाकडे

*पॉमेरियन म्हणून मिळणारं कुत्रं.* आपल्याकडं पांढरं, झुबकेदार शेपटीचं जे कुत्रं याच नावानं ओळखलं जातं ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी त्याच जातीचा. खरं पोमेरेनियन दीड ते साडेतीन किलोंचं, महाग आणि नाजूक. स्पिट्झ पाच-सात किलोंचं, काही त्याहून थोराड, आणि आपल्या हवेला सरावलेलं. पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्या घराला स्पिट्झ बऱ्यापैकी जमतं. भुंकणं मात्र भरपूर. बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, पोस्टमन आला, की ते वर्दी देणारच. भिंतीला भिंत लागून शेजार असेल तर आधी विचार करा. रोज दहा मिनिटं केस विंचरावे लागतात.

*पग.* २००३ च्या हच मोबाईलच्या जाहिरातीनंतर हे कुत्रं घराघरांत गेलं. स्वभाव गोड, मुलांत रमणारं. पण चपट्या नाकामुळं श्वासाची वाट अरुंद असते. कुत्रं धापा टाकून अंग गार करतं आणि पगला नेमकं तेच जमत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातनंतर त्याला फिरवायचं नाही आणि बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवायचं नाही. चेहऱ्याच्या घड्या रोज पुसून कोरड्या ठेवायच्या. वजन वाढलं की श्वास आणखी अडतो. पाहुण्याला चार घास जास्त वाढल्याशिवाय चैन न पडणाऱ्या घरानं पग घेऊ नये.

*शिह त्झू आणि ल्हासा ॲप्सो.* दोन्ही तिबेटकडच्या, लांब केसांच्या. शिह त्झू शांत आणि माणसाळू. ल्हासा थोडा मानी आणि अनोळखी माणसावर संशय घेणारा. केस वाढवायचे तर रोज फणी, नाहीतर दीड-दोन महिन्यांनी कापून घ्यायचे. पावसात भिजलेले लांब केस नीट वाळले नाहीत की खाली कातडीला बुरशी धरते. शिह त्झूचं नाकही चपटं असल्यानं उन्हाळ्याची काळजी पगसारखीच.

*डॅशहाउंड.* लांब पाठ, आखूड पाय. मूळचं जर्मनीतलं, बिळात शिरून शिकार करणारं. त्यामुळं आवाज खणखणीत, धाडस भलतंच आणि कुंड्या उकरायची हौस. गुळगुळीत केसांचं असल्यानं आपल्या हवेत सोपं. पण मणक्यांतली गादी सरकून मागचे पाय लुळे पडण्याचा धोका या जातीत मोठा आहे. जिना चढ-उतर करताना उचलून घ्यावं लागतं, सोफ्यावरून उड्या बंद. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर याला आणू नका.

*मिनिएचर पिन्शर आणि चिवावा.* आखूड केसांमुळं निगा कमी. पिन्शर दिवसभर चळवळ करणारं आणि फटीतून निसटणारं. चिवावा थंडीला हळवं, हाडानं नाजूक, एका माणसाला धरून राहणारं. ज्या घरी सगळी मोठी माणसं आहेत तिथं ठीक.

*बीगल.* छोट्यांच्या यादीत याचं नाव येतं, पण दहा-बारा किलोंचं हे शिकारी कुत्रं आहे. नाकाच्या मागं धावणारं, डबे उघडणारं, सूर लावून ओरडणारं. रोज तासभर पळवायला कुणी असेल तरच.

आणि यांतलं काहीच आपल्याला जुळत नसेल, तर गावठी पिल्लाचा विचार करा. ते छोटं राहणार नाही, पंधरा-वीस किलोंपर्यंत जाईल. पण इथलं ऊन-पाऊस त्याला मानवतं, केसांचा त्रास नाही आणि चपटं नाक किंवा लांबलेली पाठ अशी हौसेनं घडवलेली व्यंगं त्याच्यात नाहीत.

कोल्हापुरी स्वयंपाकघर

इथं नियम सगळ्यात कडक हवा. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शरीराच्या दर किलोमागं साधारण १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की त्रास सुरू होऊ शकतो. पंचवीस किलोच्या कुत्र्याला त्यासाठी जवळपास अर्धा किलो कांदा लागेल. पाच किलोच्या कुत्र्याला एक मध्यम कांदा पुरतो. शिजवून किंवा वाळवून विष जात नाही, उलट वाळल्यावर थोड्यात जास्त साठतं. कांदा-लसूण चटणीशिवाय आपल्याकडं एक भाजी होत नाही. मिसळीचा कट, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सगळ्यांत हे दोन्ही आहेत. रश्शात बुडवलेली भाकरी रोज घातली की परिणाम हळूहळू साठत जातो. कुत्रं मलूल होतं, हिरड्या फिक्या पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते.

रविवारी मटण झालं की ताटातलं हाड खाली जातं. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याचे टोकदार तुकडे पडतात आणि छोट्या कुत्र्याच्या घशात किंवा आतड्यात अडकतात. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणाही धोक्याचा. द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पाडतात आणि किती खाल्ल्यावर, हे आधी सांगता येत नाही. तासगाव शेजारी असल्यानं आपल्याकडं बेदाणे मूठमूठ खाल्ले जातात. त्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवा. चॉकलेटही नको. म्हशीचं घट्ट दूध अनेक कुत्र्यांना पचत नाही. ताप आला म्हणून आपली गोळी चतकोर करून देऊ नका; वेदनाशामक गोळ्यांनी छोट्या कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

अडचण माहितीची नसते, हातांची असते. आजोबा बिस्किट देतात, काकू चपाती टाकतात, मुलगा चिप्स, कामवाल्या मावशी पाव. पाच किलोच्या कुत्र्याचं वजन अर्धा किलोनं वाढलं म्हणजे दहा टक्के वाढलं. साठ किलोच्या माणसाचं सहा किलोनं वाढावं तेवढं. त्यामुळं खायला घालणारा माणूस एकच ठरवा आणि दिवसाचं खाणं सकाळीच डब्यात काढून ठेवा. कुणाला घालायची हौस आली तर त्याच डब्यातलं. बरगड्यांवरून हात फिरवून बघत जा. त्या दिसू नयेत, पण बोटांना लागाव्यात.

पावसाळा, पूर आणि आवाज

जून ते सप्टेंबर फिरणं बंद पडतं आणि घरात ओल राहते. लांब केसांच्या कुत्र्याला बाहेरून आल्यावर बोटांच्या फटीपर्यंत पुसून पंख्याखाली वाळवावं लागतं. गोचीड वर्षभर असतो, पण उन्हाळ्यात आणि पावसाच्या उघडिपीत जास्त. कानाच्या आत, मानेखाली आणि बोटांत रोज शोधा. गोचिडातून होणाऱ्या तापात कुत्रं खाणं सोडतं, नाकातून रक्तही येतं. गोठ्यात जनावरांना लावायचं गोचिडाचं औषध छोट्या कुत्र्याला अजिबात लावू नका. त्याचं औषध वजनावर ठरतं, ते डॉक्टरांनीच द्यायचं.

दुधाळी, शाहूपुरी, उत्तरेश्वर पेठ किंवा शिरोळ भागात राहणाऱ्यांना २०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा पूर आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की आपली बॅग भरतानाच कुत्र्याचीही भरा: बास्केट, साखळी, चार दिवसांचं कोरडं खाणं, लसीची वही प्लॅस्टिकच्या पिशवीत. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. छोट्या कुत्र्याचा खरा फायदा इथं आहे, ते काखेत घेऊन बाहेर पडता येतं. पुराच्या आणि उंदरांची लघवी मिसळलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो; त्याची लस दरवर्षी चुकवू नका.

घर विसर्जन मिरवणुकीच्या वाटेवर असेल तर डॉल्बीच्या दिवशी कुत्रं कुठं ठेवणार? दिवाळीत? आतली खोली, बंद खिडक्या, लावलेला पंखा आणि सोबत ओळखीचं माणूस, एवढं तरी हवं. ते जमत नसेल तर ते दोन-तीन दिवस लांबच्या नातेवाइकाकडं सोय बघा.

दवाखाना आणि पैसा

पिल्लाची किंमत हा खर्चाचा लहान भाग. सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंच्या लसी, तीन महिन्यांनंतर रेबीजची, मग डॉक्टर सांगतील तसे वार्षिक डोस. जंताचं औषध, गोचिडाचं औषध, नसबंदी, केस कापणं. छोट्या तोंडात दात दाटीनं असल्यानं किटण लवकर साचतं, ते भूल देऊन काढावं लागतं. खाणं मात्र थोडं: पाच किलोच्या वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला ८० ते १०० ग्रॅम कोरडं खाणं पुरतं, म्हणजे महिन्याला तीन किलोंच्या आत.

कुत्रं आणायच्या आधी घराजवळचा डॉक्टर बघून ठेवा. रात्री फोन घेतात का, एक्स-रे आणि सोनोग्राफी कुठं होते, हे विचारा. मोठी शस्त्रक्रिया निघाली तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; तिथवर जायची वेळ येऊ शकते हे धरून चाला. घरच्या कुत्र्याचे दात लागले तरी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.

आणि काळ मोजा. छोटी कुत्री बारा ते पंधरा वर्षं जगतात. आज आठवीत हट्ट करणारी मुलगी तोवर पुण्याला नोकरीत असेल. त्या वेळी कुत्रं म्हातारं असेल आणि सांभाळणारे तुम्ही दोघं.

कुठून आणायचं

२०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या जीवजंतू कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. ती बघायला मागा. पिल्लू रस्त्यात, बसस्टँडवर किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात हातात देणाऱ्याकडून घेऊ नका. त्याच्या आईला बघा. आई घाबरट किंवा हाडकुळी असेल तर परत फिरा. पिल्लाचं पोट फुगलेलं, डोळे चिकट किंवा शेपटीखाली घाण असेल तर ते आजारी आहे. लसीच्या वहीत बाटलीचं लेबल चिकटवलेलं आणि डॉक्टरांची सही हवी. 'टी-कप' नावाची जात नाही; खुरटलेलं किंवा आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू त्या नावाखाली जास्त पैशाला खपवतात.

पंधरा दिवसांची रंगीत तालीम

कुत्रं न आणता कुत्र्याचा दिवस जगून बघा. ज्यानं "मी फिरवेन" म्हटलंय त्यानं रोज सकाळी सहाला आणि रात्री नऊला वीस-वीस मिनिटं बाहेर पडायचं, पावसातसुद्धा. ठरलेल्या माणसानं दिवसातून चारदा फरशीचा एक कोपरा पुसायचा. दार उघडं टाकायचं नाही, ताटातलं उष्टं झाकणाच्या डब्यातच टाकायचं. पन्हाळा किंवा जोतिबाला अचानक जायचं ठरलं, तर मागं कोण राहणार ते आधी ठरवायचं. कोण किती वेळा चुकलं ते कॅलेंडरवर मांडा. जमल्यास एखाद्या नातेवाइकाचं कुत्रं शनिवार-रविवार सांभाळायला आणा.

पंधरा दिवसांत दोन-चार खाडे झाले तर काळजी नको. स्पिट्झसारखं थोडं काटक कुत्रं बघा. निम्म्याहून जास्त दिवस एकट्या आईवरच पडले असतील, तर कुत्रं आल्यावरही तेच होणार. मग निर्णय आईचा. ती नको म्हणाली तर विषय वर्षभर बाजूला ठेवा. तोवर मुलांनी ओळखीच्यांचं कुत्रं संध्याकाळी फिरवून आणावं, हौस भागते आणि सवयही होते. आणि तालीम पार पडली असेल, तर आधी दाराला जाळीचं फाटक बसवा, डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर लावा, मग पिल्लू बघायला जा.